अणूंची धाव आणि चुंबकाचा लौकिक

शीत अणूंच्या प्रयोगांची वार्ता पुण्यामुंबईहून आमच्या कारंज्यापर्यंत पोहोचते तेव्हा तिच्यासोबत एक समजूतही हटकून येते: प्रचंड चुंबक लावून अणू ओढून धरले जातात आणि म्हणूनच त्यांची धाव मंदावते. त्या यंत्रात चुंबकीय क्षेत्र असते एवढ्यापुरतीच ही समजूत खरी आहे; अणूला थोपवण्याचे श्रेय मात्र समोरून येणाऱ्या लेसरच्या प्रकाशाचे.

पुण्याच्या 'आयसर' संस्थेत ज्या स्ट्रॉन्शियमवर संशोधन चालते, त्याचाच दाखला घेऊ. हा धातू भट्टीत सुमारे 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला म्हणजे त्याचे अणू सेकंदास चारपाचशे मीटर वेगाने निर्वात नळीत शिरतात, आणि समोरून 461 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा लेसर त्यांना सामोरा येतो. लेसर वस्तू जाळतो, मग तो थंडावा, म्हणजे अणूंची संथ धाव, कसा आणणार, अशी शंका येथे रास्त आहे. परंतु एक प्रकाशकण शोषताना अणूचा वेग सेकंदास जेमतेम 1 सेंटिमीटरने घटतो, आणि शोषलेला प्रकाश तो वाटेल त्या दिशेने परत टाकत असल्यामुळे त्या उलट धक्क्यांची बेरीज सरासरीने शून्यावर येऊन विरोधाचीच शिल्लक उरते. असे चाळीसेक हजार धक्के अल्पावधीत बसतात, आणि या मंदनाची कमाल मर्यादा गुरुत्वत्वरणाच्या सुमारे लाखपट भरते.

मग चुंबक कशाला? मूर्तिजापूरहून येणारी आमची शकुंतला रेल्वेगाडी कारंजा स्थानकाकडे धावत असता तिची शिटी उंच स्वरात ऐकू येई, त्याच न्यायाने धावत्या अणूला लेसरची वारंवारता वाढलेली भासते, आणि तो मंदावू लागला की ती उतरू लागते. स्ट्रॉन्शियमचा वेग सेकंदास पंधराएक मीटरने घटला की सूर इतका बिघडतो की अणू प्रकाशाकडे जवळजवळ पाठ फिरवतो. पीटर झीमान यांनी 1896 मध्ये दाखवले होते की चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा, म्हणजे अणूला मानवणाऱ्या प्रकाशाच्या वारंवारता, सरकतात. विल्यम फिलिप्स व हॅरॉल्ड मेटकाफ यांनी 1982 मध्ये सोडियमच्या झोतावर नेमका याच तत्त्वाचा उपयोग करून, तोंडाशी दाट आणि पुढे विरळ होत जाणाऱ्या वेढ्यांच्या वेटोळ्यातून अणू नेले, जेणेकरून घटत्या वेगाबरहुकूम क्षेत्रही घटावे आणि प्रकाशाशी मेळ अखेरपर्यंत टिकावा. क्षेत्रही फार प्रचंड नव्हे; स्ट्रॉन्शियमला काही शे गॉस पुरतात, चांगल्या पट्टीचुंबकाच्या टोकाशी असते त्याच श्रेणीचे. शिवाय मूळ अवस्थेतील स्ट्रॉन्शियम-88 ला चुंबकत्व जवळजवळ नसतेच, तेव्हा चुंबकाने ओढावे तरी काय?

यंत्रात बर्फ वा शीतकपाट नसते. भट्टी रसरशीत, भिंती खोलीइतक्याच उबदार. वेटोळ्यातून निघालेला अणूही काही निश्चल नसतो. त्याला पूर्ण थांबवले तर तोच प्रकाश त्याला उलटा ढकलू लागेल, म्हणून सेकंदास काही दशक मीटर वेगाने त्याला पुढील सापळ्याच्या स्वाधीन करतात, आणि तेथेही पकड प्रकाशाचीच असते. चुंबकाने स्वबळावर अणू धरण्याची वेळ रुबिडियमसारख्या चुंबकत्व असलेल्या अणूंच्या बाबतीत येते खरी, परंतु ती पकड इतकी दुर्बळ की प्रकाशाने त्यांना केल्विनच्या हजाराव्या अंशाखाली आणल्यावाचून ते तेथे टिकत नाहीत.