अरबीच्या वर्गात बोधिसत्त्व

विद्यापीठात अरबी शिकतो म्हटले की घरचे विचारतात, दुबईला जाणार का? जावे, त्यात गैर काही नाही. पण आम्हाला दुसरे कारण मोठे वाटते. बगदादच्या खलिफांचे वजीर बर्मकी हे अफगाणिस्तानातील बाल्खच्या नवविहाराच्या प्रमुखांचे वंशज. बोधिसत्त्वाची कथा अरबीत आली तेव्हा नायक झाला ‘बूदासफ’. शब्दारंभीच्या ‘ब’ला खाली एक नुक्ता, ‘य’ला दोन, नक्कल करणाऱ्यांच्या हातून त्याचा ‘यूदासफ’ झाला आणि पुढे जॉर्जियन, ग्रीकमार्गे युरोपात पोचून चक्क ‘जोसाफत’ नावाचा ख्रिस्ती संत! हा आपला इतिहास दुसऱ्यांच्या भाषांतरातून किती दिवस वाचायचा? पाली शिकणाऱ्या मित्रांनी मुंबई विद्यापीठाच्या अरबी विभागातही डोकावावे. वर्गात प्रमाण अरबी शिकवतात. कैरोच्या बाजारातली बोली मात्र वेगळी शिकावी लागते.