शुगर लिहावी की लपवावी?

अकोल्याची मावसबहीण लेकीकडे अमेरिकेला निघाली. तिने मला अमरावतीला फोन केला, "भाऊ, विम्याच्या फारमात शुगर लिवू का नाई?" मी म्हणालो, "ताई, गोळ्यांसकट लिही."

2024 च्या नियमांनी आरोग्यविम्यात जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा कमाल तीन वर्षांवर आणली. परदेश प्रवासविमा मात्र त्यातून वगळला. तिथे पॉलिसीतल्या अटीच वाचाव्या लागतात.

2009 मध्ये मधुमेह नोंदवून गेलेल्या एका प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्कोत उतरताच हृदयविकाराचा त्रास झाला. कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली नाही म्हणून कंपनीने दावा नाकारला. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल प्रवाशाच्या बाजूने दिला : आजार ठाऊक असताना पॉलिसी दिली, तर नंतर त्याच आजाराकडे बोट दाखवता येत नाही.

अर्जात लिहिलेला 'मधुमेह' हा शब्दच त्याच्या कामी आला. ताईनेही तो लिहिला.