बूटक्षम स्थापना माध्यम

बूटक्षम स्थापना माध्यम म्हणजे ज्यावरून संगणक थेट सुरू करता येतो आणि ज्याच्या साहाय्याने संगणकावर संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, बसवता येते असे साठवण माध्यम होय. पूर्वी यासाठी फ्लॉपी, सीडी व डीव्हीडी वापरल्या जात. सध्या प्रामुख्याने पेनड्राइव्ह वापरला जातो. नव्या संगणकावर प्रणाली बसवणे, बिघडलेली प्रणाली दुरुस्त करणे आणि सुरू न होणाऱ्या संगणकातील विदा बाहेर काढणे हे त्याचे मुख्य उपयोग आहेत.

तत्त्व

संगणक चालू करताच प्रथम मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली फर्मवेअर ही आज्ञावली कार्यान्वित होते. ठरलेल्या जागी असलेली प्रारंभिक आज्ञावली शोधून तिच्याकडे सूत्रे सोपवणे हे तिचे काम असते. जुन्या बायोस पद्धतीत ही जागा म्हणजे डिस्कचा ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर असून त्यास मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. नव्या यूईएफआय पद्धतीत फॅट स्वरूपाच्या विभागातील 'ईएफआय' फोल्डरमध्ये ठरावीक नावाची फाइल शोधली जाते.

यामुळेच संचालन प्रणालीची आयएसओ फाइल नेहमीच्या पद्धतीने पेनड्राइव्हवर नकलून ठेवल्यास त्यावरून संगणक सुरू होत नाही. आयएसओ फाइल ही संपूर्ण डिस्कची प्रतिमा असते. गठ्ठा न सोडता कपाटात ठेवलेली पुस्तके जशी वाचता येत नाहीत, तशीच त्या प्रतिमेतील प्रारंभिक आज्ञावली फर्मवेअरला सापडत नाही. म्हणून ती प्रतिमा माध्यमावर योग्य रचनेत उतरवावी लागते.

इतिहास

सीडीवरून संगणक सुरू करण्याची 'एल टोरिटो' ही प्रमाण पद्धत फिनिक्स टेक्नॉलॉजीज व आयबीएम यांनी १९९५ साली मांडली. २००० साली क्लाउस क्नॉपर यांनी प्रसिद्ध केलेल्या क्नॉपिक्समुळे, हार्ड डिस्कला न स्पर्शता सीडीवरूनच प्रणाली चालवण्याची 'लाइव्ह' पद्धत लोकप्रिय झाली. आज अनेक लिनक्स वितरणांच्या आयएसओ प्रतिमा संकरित असतात; त्या सीडीवर तसेच पेनड्राइव्हवरही थेट उतरवता येतात.

निर्मिती

१. प्राप्ती : आयएसओ फाइल निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेतात.

२. पडताळणी : फाइलचा एसएचए-२५६ पडताळणी-अंक काढून तो प्रसिद्ध केलेल्या अंकाशी ताडून पाहतात. हा अंक ६४ चिन्हांचा असतो. फाइलमध्ये एका बिटाचा फरक पडला तरी तो पूर्णपणे बदलतो.

३. लेखन : विंडोजवर रूफस, लिनक्सवर 'डीडी' ही आज्ञा आणि दोन्हींवर बलेना एचर ही साधने वापरता येतात. विंडोज ११ च्या माध्यमासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. फॅट३२ स्वरूपात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल साठवता येत नाही. त्यामुळे विंडोजची मोठी स्थापना-फाइल काही साधने लहान भागांत विभागतात.

४. प्रारंभ : संगणक चालू करताना एफ१२, एफ२, एस्केप यांपैकी निर्मात्याने ठरवलेली कळ दाबून बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडतात.

सावधगिरी

लेखनाच्या वेळी पेनड्राइव्हवरील पूर्वीची सर्व विदा नष्ट होते. 'डीडी' ही आज्ञा खातरजमेचा प्रश्न विचारत नाही; चुकून हार्ड डिस्कचे नाव दिल्यास तिच्यावरच लेखन होते. म्हणून लेखनापूर्वी माध्यमाचे नाव व क्षमता तपासणे आणि अनावश्यक डिस्क काढून ठेवणे इष्ट असते. प्रत्यक्ष स्थापनेतही 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडल्यास संगणकातील छायाचित्रे व कागदपत्रे नाहीशी होतात. त्यांची प्रत आधीच अन्यत्र ठेवावी लागते. लाइव्ह पद्धतीने प्रणाली केवळ चालवून पाहिल्यास, वापरकर्त्याने स्वतः बदल केल्याखेरीज, हार्ड डिस्कवरील विदा अबाधित राहते.

फाइलच्या मूळ स्रोताची खात्री करणेही तितकेच आवश्यक आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी हल्लेखोरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरकाव करून १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलला. त्यामुळे काही वापरकर्त्यांनी छुपा प्रवेशमार्ग असलेली प्रत उतरवून घेतली. फाइल व पडताळणी-अंक एकाच संकेतस्थळावर असतील, तर हल्लेखोर दोन्ही बदलू शकतो. त्यामुळे अनेक प्रकल्प पडताळणी-अंकांवर अंकीय स्वाक्षरी करतात. निर्मात्याची गुप्त किल्ली हाती आल्याशिवाय तिची नक्कल करता येत नाही.