जीपगाडीपासून विजेच्या शर्यतीपर्यंत

सावद्याच्या केळीच्या मळ्यांत ओझें वाहणारी महिंद्रांची गाडी पाहून तिच्या कारखान्यानें जागतिक शर्यत जिंकली असेल, असें सहसा मनांत येत नाहीं. १९४५ सालीं स्थापन झालेली ही कंपनी पूर्वीं जीपगाड्या जुळवी. २०१४ सालीं विजेच्या मोटारींची ‘फॉर्म्युला ई’ स्पर्धा सुरू होतांच ती तींत उतरली. त्या वेळीं एका बॅटरीवर शर्यत पुरी होत नसे. चालकास मध्येंच दुसऱ्या गाडींत बसावें लागे. गंमत म्हणजे जय व पराजय याच अदलाबदलीनें शेजारीं आणून बसविले. १० जून २०१७ रोजीं बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टनें संघास पहिला विजय मिळवून दिला. दुसऱ्या दिवशींही तोच पुढें आला. परंतु बदललेली गाडी धोकादायक रीतीनें सोडल्याबद्दल दहा सेकंदांचा दंड झाला आणि विजय हुकला. डिसेंबर २०१८ पासून मोठ्या बॅटरीमुळें ती अदलाबदलच उरली नाहीं.