पंधरवड्याची बैठक

मराठवाड्यातल्या नायगाव, देगलूर, मुखेड या पट्ट्यात लायन्स क्लबची ओळख डोळ्यांमुळे झाली आहे. आजोबांचा मोतीबिंदू पिकला की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘लायनचं शिबिर कधी आहे, बघा जरा.’ कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या उदगिरात तर लायन्सच्या नावाचं नेत्र रुग्णालयच उभं आहे. लोकांना शिबिर माहीत आहे, रुग्णालय माहीत आहे. या दोन्हींच्या मागे जी गोष्ट आहे ती मात्र क्लबाबाहेरच्या माणसाला सहसा पाहायला मिळत नाही. ती म्हणजे बैठक. साधारण पंधरा दिवसांनी, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. पाऊस असो, लग्नसराई असो, सभासद दहा येवोत की चाळीस.

मला या संस्थेत सर्वांत मोलाची वाटते ती ही बैठकच. एखाद्या दिवशी उत्साहानं रक्तदान करणारी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. वर्षभर न चुकता एकत्र बसणारी माणसं फार थोडी.

बैठकीचा क्रम ठरलेला असतो. अध्यक्ष टेबलावरच्या घंटेवर लाकडी हातोडी मारतात आणि सभा सुरू होते. ध्वजवंदना होते, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं. सचिव क्लबांच्या प्रांताकडून आलेली पत्रं सांगतात, कोषाध्यक्ष हिशेब सांगतात, ज्यांचे वाढदिवस असतील त्यांच्यासाठी टाळ्या पडतात. मग पाहुण्यांचा परिचय, व्याख्यान, आभार आणि जेवण. वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. दरवर्षी नवा अध्यक्ष येतो, खुर्ची कुणालाही धरून ठेवता येत नाही. ज्या भागात पतसंस्थेपासून देवस्थानापर्यंत एकदा बसलेला माणूस उठत नाही, तिथे ही एक शिस्तसुद्धा थोडी नाही.

पदाधिकाऱ्यांत दोन पदं गमतीशीर नावांची आहेत. ‘लायन टेमर’ क्लबाच्या वस्तू सांभाळतो: झेंडे, बॅनर, घंटा, हातोडी. ‘टेल ट्विस्टर’ म्हणजे शेपूट पिरगाळणारा. त्याचं काम सभेत हशा पिकवायचा आणि दंड वसूल करायचा. उशिरा आलात, दंड. छातीवर क्लबाची पिन नाही, दंड. मुलाला नोकरी लागली आणि पेढे दिले नाहीत, त्यालाही दंड. त्याच्या निर्णयावर अपील नाही. पण त्याच्यावरही नियम आहेत. दंडाची रक्कम संचालक मंडळानं ठरवलेल्या मर्यादेत असली पाहिजे, एका सभासदाला एका सभेत दोनदाच दंड करता येतो, आणि खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा असेल तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. जमलेला पैसा लगेच कोषाध्यक्षाच्या हाती द्यायचा आणि पावती घ्यायची. रक्कम किरकोळ असते. पण कापड दुकानदार, डॉक्टर, अडत व्यापारी आणि मुख्याध्यापक एका टेबलाला बसून एकमेकांच्या देखत हसत खिशात हात घालतात, यातून जो मोकळेपणा येतो त्याचा उपयोग पुढे मोठी रक्कम मागताना होतो.

पैशाबाबतचा एक नियम सगळ्यांनी पाठ करावा असा आहे. क्लबाची दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. सभासदांची वर्गणी आणि दंड प्रशासनाच्या खात्यात जातो. सभेचा खर्च, जेवण, पत्रव्यवहार, आंतरराष्ट्रीय संस्थेला आणि प्रांताला द्यायची रक्कम त्यातून भागते. लोकांकडून सेवेसाठी गोळा केलेला पैसा दुसऱ्या खात्यात, आणि तो लोकांसाठीच खर्च व्हायला हवा. बाजारपेठेत पावतीपुस्तक घेऊन फिरून जमवलेल्या रुपयातून सभासदांचं जेवण होता कामा नये. नायगावच्या आसपासच्या कोणत्याही गावात अखंड हरिनाम सप्ताहाची वर्गणी जशी गोळा होते, कुणाची पंगत कोणत्या दिवशी हे जसं महिनाभर आधी ठरतं, तशीच क्लबाचीही रीत: शिबिरासाठी एकानं औषधं घ्यायची, दुसऱ्यानं जेवण, तिसऱ्यानं गाडी. वर्गणीची सवय आपल्याकडे मुरलेली आहे. दोन खाती वेगळी ठेवायची सवय मात्र लावून घ्यावी लागते, आणि ज्या क्लबात ती लागली तो टिकतो.

दुसरा एक नियम माझ्या मते याहून मोठा आहे. लोकहिताच्या कुठल्याही विषयावर सभेत मोकळेपणानं बोलता येतं, पण पक्षीय राजकारणावर आणि पंथीय धर्मावर सभासदांनी वाद घालायचा नाही. निवडणुकीच्या दिवसांत तालुक्याच्या गावी चहाच्या टपऱ्यासुद्धा वाटून घेतलेल्या असतात. तिथे दोन पक्षांची माणसं एकाच टेबलाला बसून शाळेच्या स्वच्छतागृहाबद्दल बोलतात, ती या नियमामुळे.

आपल्या भागात नुसतं एकत्र जमणंही एकेकाळी सोपं नव्हतं. निजामाच्या राजवटीत ‘गश्ती निशान 53’ नावाचं फर्मान होतं. सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे. म्हणून त्या काळी वाचनालयं, गणेशोत्सवातले मेळे आणि साहित्य संमेलनं ही माणसं जमवायची ठिकाणं झाली. 1937 साली परतूरला आणि पुढच्या वर्षी लातूरला मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेची अधिवेशनं झाली, तेव्हा बोलायला मिळणं हेच मोठं काम होतं. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली, तशी ती अडचणही संपली आणि मराठवाड्याला व्याख्यानांचा जणू ध्यासच लागला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांची भाषणं ऐकायला माणसं लांबून येत. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला त्यांचा मृत्यू झाला तोही व्यासपीठावरच. पाहुण्याचं भाषण कान देऊन ऐकणाऱ्यांचा हा मुलूख आहे. क्लबाच्या बैठकीत पाहुण्यासाठी जो अर्धा तास राखलेला असतो, त्याचं मोल म्हणून इथे जास्त आहे.

लायन्सच्या इतिहासात तर एका पाहुणीच्या भाषणानं संस्थेचं अख्खं काम ठरवलं. 1917 साली शिकागोत विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्स यांच्या पुढाकारानं ही संघटना उभी राहिली, तेव्हा डोळ्यांचा काही विषयच नव्हता. व्यापारी माणसांनी धंद्यापलीकडे गावाचं पाहावं, एवढीच कल्पना होती. 30 जून 1925 रोजी ओहायो राज्यात सीडर पॉइंट इथे त्यांचं अधिवेशन भरलं आणि हेलन केलर बोलायला आल्या. लहानपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेली ही बाई तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. तिनं सभासदांचं कौतुक केलं नाही, काम मागितलं. टाळता येण्यासारखं आंधळेपण कुणाच्याही वाट्याला येऊ नये, यासाठी तुम्ही उभे राहाल का, असा सरळ सवाल तिनं टाकला. संघटनेनं तो स्वीकारला. पाच वर्षांनी, 1930 साली, इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावच्या लायन्सनी अंधांसाठी पांढरी काठी पुढे आणली. 1990 पासून ‘साइटफर्स्ट’ या नावानं जगभर नेत्रसेवेसाठी निधी उभा राहू लागला. भारतात केलर 1955 साली येऊन गेल्या, आणि देशातला पहिला लायन्स क्लब 1956 साली मुंबईत सुरू झाला. मुंबईचेच अशोक मेहता 2005-06 मध्ये आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाले. स्त्रियांना मात्र सभासद व्हायला 1987 पर्यंत थांबावं लागलं. ज्या संघटनेला दिशा एका बाईनं दिली, तिनं बायकांना बासष्ट वर्षं दाराबाहेर ठेवावं, याचं मला वाईट वाटतं.

केलरबाईंच्या त्या मागणीचं आपल्याकडे काय रूप झालं ते शिबिराच्या दिवशी दिसतं. सकाळी ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या आवारात सतरंज्या टाकलेल्या असतात. आलेल्यांच्या हाती आधार कार्ड, बरोबर सून नाहीतर नातू. नेत्र चिकित्सा अधिकारी पापणी वर करून बॅटरीचा झोत टाकतात आणि पिकलेला मोतीबिंदू पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. मग रक्तदाब, साखर. शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्यांना गाडीनं रुग्णालयात नेतात. पूर्वी शाळेच्या खोल्यांतच शस्त्रक्रिया होत. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे आता त्या पक्क्या शस्त्रक्रियागृहातच करायच्या, असं धोरण आहे, आणि ते योग्यच आहे. तिथे यंत्रावर बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर काढतात. ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्याच्या वर कपाळाला चिकटपट्टी लावतात, म्हणजे चूक होणार नाही. हात बसलेल्या डॉक्टरांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघते आणि डॉक्टर हात पुढे धरून विचारतात, ‘आजी, बोटं किती?’ पुढे काही आठवडे थेंब घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चुलीच्या धुरापासून लांब राहायचं. याच कामाला आयुष्य वाहिलेले डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे, हे इथल्या प्रत्येकाला अभिमानानं ठाऊक असतं.

सुगीच्या दिवसांत माणसं शिबिराला येत नाहीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थंडीतच करावी, असा समजही अजून आहे. आजच्या शस्त्रक्रियेला ऋतूचं बंधन उरलेलं नाही, हे घरोघर जाऊन सांगावं लागतं. ते सांगणारी आशाताई हीच खरं तर क्लबाच्या बैठकीतली पाहुणी व्हायला हवी. आज पाहुणे म्हणून बहुतेक वेळा यशाचे मंत्र सांगणारे वक्ते येतात. शाल, श्रीफळ आणि सत्कार यातच रात्रीचे साडेनऊ वाजतात. पाहुणा सत्कार घेणारा नको, काम मागणारा हवा. गावच्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना बोलवा, 108 रुग्णवाहिकेच्या चालकाला बोलवा, वसतिगृहाच्या अधीक्षिकेला बोलवा. पंधरा मिनिटं बोलू द्या, आणि शेवटी एकच प्रश्न विचारा: आमच्याकडून काय हवंय?

नेत्र चिकित्सा अधिकारी काय मागतील याचा अंदाज करता येतो. मोतीबिंदू एकदा काढला की काम झालं, म्हणून त्याला शिबिर पुरतं. मधुमेहानं डोळ्याचा पडदा बिघडतो तेव्हा सुरुवातीला दिसायला काहीच कमी होत नाही, आणि एकदा गेलेली नजर बहुधा परत येत नाही. काचबिंदूचंही तसंच, त्याचे थेंब जन्मभर घालावे लागतात. 2017 मध्ये शताब्दीच्या वर्षी लायन्सनी मधुमेह हा विषय जगभरासाठी हाती घेतला. पण फलक लावून होणारं हे काम नाही. तालुक्यातल्या मधुमेहींची वही हवी. प्रत्येकाच्या नावापुढे पडदा कधी तपासला त्याची तारीख हवी, आणि वर्ष भरत आलं की त्याला फोन करणारा माणूस हवा. ज्यांनी फोन घेतला नाही त्यांची नावं पुढच्या बैठकीत वाचायची आणि सभासदांनी ती आपापसांत वाटून घ्यायची. दर पंधरा दिवसांनी ठरल्या वारी बसणाऱ्या माणसांना हे काम जमेल.