पाण्याची कांच

१९८६ सालीं आम्ही एका लहान गांवच्या शाळेंत संस्कृताबरोबर विज्ञानाचेही तास घेत असूं. एके दिवशीं "पाणी गोठलें कीं त्याचे स्फटिक होतात" असें आम्हीं फळ्यावर लिहिलें, तेव्हां एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, साखरेचा पाक सावकाश ठेवला तर खडीसाखरेचे खडे धरतात, पण तोच पाक कडक करून ताटावर ओतला तर कांचेसारखी चिक्की होते. मग पाण्याचेंही तसें कां होऊं नये?" आम्हीं त्यास "पाणी म्हणजे पाक नव्हे" असें सांगून खालीं बसविलें. वर्ग हंसला. तो मुलगा पुन्हां कधीं प्रश्न विचारावयास उठला नाहीं.

आतां त्याच प्रश्नाची खरी हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३१ सालीं बर्लिन येथें क्नोल व रुस्का यांनीं सिद्ध केला. साध्या सूक्ष्मदर्शकास न दिसणाऱ्या वस्तु त्यांतून दिसूं लागल्या. परंतु त्याच्या नळींत हवा मुळींच ठेवतां येत नाहीं, आणि निर्वात जागेंत पाणी टिकत नाहीं. सजीव पेशींत तर बहुतांश पाणीच! म्हणून शास्त्रज्ञ नमुना वाळवीत आणि जड धातूंच्या क्षारांनीं रंगवीत. म्हणजे दिसे तें जिवंत वस्तूचें कलेवर. तिचें मूळ रूप नव्हे.

मग नमुना गोठवावा, तर दुसरेंच संकट. बर्फ होतांना पाणी सुमारें एक अकरांशानें फुगतें, आणि त्याचे स्फटिक पेशीचीं नाजूक अंगें फाडून टाकतात. शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत राहिलेली काकडी बाहेर काढल्यावर कशी लिबलिबित होते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत बर्कले येथें टेलर व ग्लेझर यांनीं प्रथिनाचे ओले स्फटिक द्रवरूप नायट्रोजनाच्या थंडीनें गोठवून, पाणी न गमावतां पाहून दाखविले. तरी पाण्याच्या स्वतःच्या स्फटिकांचा प्रश्न उरलाच होता.

तो जर्मनींतील हायडेलबर्ग येथें सुटला. १९८१ सालीं झाक द्युबोशे या स्विस शास्त्रज्ञानें, मॅकडॉवल या सहकाऱ्यासह, पाण्याचा अतिशय पातळ थर द्रवरूप ईथेनांत एकदम बुडविला. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो. त्यांत ऊन वस्तु टाकली कीं तिच्याभोंवतीं वायूचें वेष्टन बनतें व थंडी आंत पोंचण्यास उशीर होतो. ईथेन मात्र नायट्रोजनानें थंड केल्यावर सहज उकळत नाहीं, म्हणून उष्णता तत्काळ ओढून घेतो. पाण्याच्या रेणूंस रांगेनें उभें राहण्यास अवसरच मिळत नाहीं. ते होते तसेच जागच्या जागीं थिजतात. हीच पाण्याची कांच!

पुढें १९८४ पर्यंत ही रीत विषाणूंवर सिद्ध झाली. तीन मिलिमीटर व्यासाच्या धातूच्या जाळीवर नमुन्याचा थेंब ठेवावयाचा, टिपकागदानें जास्तीचें पाणी टिपून घ्यावयाचें, आणि जाळी तत्क्षणीं ईथेनांत सोडावयाची. त्यानंतर ती सुमारें उणे १३५ अंशांच्या वर येऊं देतां कामा नये. नाहीं तर कांच मोडून स्फटिक धरूं लागतात.

इलेक्ट्रॉनांचा मारा नमुन्यास सोसत नाहीं, म्हणून चित्रें अंधुकच घ्यावीं लागतात. अशीं सहस्रावधि चित्रें जुळवून एक स्पष्ट आकृति काढण्याची युक्ति योआखिम फ्रांक यांनीं बसविली. प्रथिनाची रचना अणूंपर्यंत या यंत्रानें कळते, हें रिचर्ड हेंडरसन यांनीं १९९० सालीं दाखविलें. या दोघांस व द्युबोशे यांस २०१७ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. पुढें २०२० च्या फेब्रुवारींत करोना विषाणूच्या ज्या कांट्याचें रूप जगापुढें आलें, तें याच रीतीनें.

आम्ही ज्या दिवशीं त्या मुलास खालीं बसविलें, त्याच्या पांच वर्षें आधींच हायडेलबर्गांत त्याचें म्हणणें खरें ठरलें होतें. आम्हांस तें ठाऊक नव्हतें, हा दोष नव्हे. "मला ठाऊक नाहीं" असें म्हणवलें नाहीं, हा दोष होय. तो मुलगा आज कोठें आहे, कोण जाणे. घरोघरच्या वडील मंडळींस एवढीच विनंति, कीं पोरानें चिक्की खातां खातां कांहीं विचारलें, तर त्यास हंसूं नये.