खुराड्यापासून फुफ्फुसापर्यंत

जानेवारी 2021. परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात एका पोल्ट्रीतल्या सुमारे 800 कोंबड्या दोनच दिवसांत मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि ‘बर्ड फ्लू’वर शिक्कामोर्तब झालं. गावाच्या एक किलोमीटर परिसरातले पक्षी नष्ट करण्याचे आदेश निघाले. अंगणात कोंबड्या पाळणाऱ्या गावांना अशा वेळी एकच धास्ती असते : हा रोग माणसाला होतो का?

होतो, पण सहजासहजी नाही.

फ्लूचा विषाणू पेशीवरच्या एका विशिष्ट शर्करेला चिकटून आत शिरतो. पक्ष्यांच्या पेशींवर या शर्करेची जी जोडणी असते, ती माणसाच्या नाका-घशात फारशी नसते. ती असते फुफ्फुसात खोलवर. त्यामुळे आजारी पक्षी हाताळले, सोलले किंवा वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात भरपूर गेली, तरच लागण होण्याची भीती. मात्र झालीच, तर न्यूमोनिया जिवावर बेततो. हाँगकाँगमध्ये 1997 साली 18 जणांना लागण झाली, त्यांतले 6 दगावले. नंदुरबारच्या नवापुरात 2006 साली देशातली पहिली साथ आली, तेव्हा माणसं बचावली. जुलै 2021 मध्ये मात्र दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये 11 वर्षांच्या मुलाचा बळी गेला.

विषाणू फुफ्फुसातच अडकतो, म्हणून तो खोकल्यातून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. पण हे कायम राहीलच असं नाही. प्रत्येक नव्या प्राण्यात त्याला बदलायची संधी मिळते. पक्षी, डुक्कर आणि माणूस यांच्या विषाणूंची जनुकं एकत्र येऊनच 2009 चा स्वाइन फ्लू घडला. त्याचा देशातला पहिला बळी पुण्यातला. बर्ड फ्लूनं 2024 मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाई गाठल्या आणि वर्षअखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ व एक बिबट्या मारला.

म्हणून पहिली मर लपवू नये. मानमोडी या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगातही त्या अशाच पटापट मरतात. नेमकं निदान प्रयोगशाळेतच होतं. सरकारी भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. उशिरा कळवण्यात पाळणाऱ्याचंच नुकसान आहे. मेलेली कोंबडी उघड्या हातानं उचलू नये, ओढ्यात फेकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावं. आजारी पक्षी कापून खाऊ नये. एरवी 70 अंशांपर्यंत आतून नीट शिजलेलं चिकन आणि पूर्ण उकडलेली अंडी खायला हरकत नाही.